आमच्या गावचा वसंत

आमचे केळझर हे गाव वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. गावाजवळ टेकडी आहे आणि टेकडीवर सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. विदर्भातील अष्टविनायकांत या गणपतीची गणना होते. लाक्षागृहातून निसटलेले पांडव ज्या एकचक्रनगरीत येऊन राहिले आणि जेथे भीमाने बकासुराचा वध केला, ती नगरी म्हणजेच आमचे केळझर, असे येथील वृद्ध माणसे पिढ्यानुपिढ्या सांगत आली आहेत. लहानपणी आम्ही मुले टेकडीवर चढलो, की बकासुराची गुहा शोधीत हिंडत असू. गुहा काही सापडली नाही. पण त्या शोधात पायाखालचे रान मात्र आमच्या ओळखीचे होऊन गेले.

शाळेतील नोकरीतून निवृत्त होऊन मी गावी परतलो, त्याला आता काही वर्षे लोटली. सकाळी शाळेची घंटा मला बोलावीत नाही. तरीही डोळे जुन्या सवयीने पहाटेच उघडतात. मग मी हातात काठी घेतो आणि टेकडीची वाट धरतो. वरून गावचे सारे शिवार दृष्टीस पडते. त्याच्या रंगांवरून चालू महिना सहज सांगता येतो. ज्येष्ठात नांगरलेली काळीभोर जमीन पहिल्या सरींनी भिजते. श्रावणात कपाशी, तूर आणि सोयाबीन यांनी वावरे हिरवीगार होतात. आश्विनात सोयाबीन पिवळे पडते आणि कार्तिकात कपाशीची बोंडे फुटून शेते पांढरीशुभ्र दिसू लागतात. पौषात गहू आणि हरभरा डोलू लागतो. एखाद्या वावरात जवसाची चिमुकली निळी फुले हसताना दिसतात. मग माघ येतो. सुगी संपते, शेते मोकळी होतात आणि रानातील झाडे आपली पाने एकेक करून मातीच्या स्वाधीन करू लागतात.

मुलांनो, सहा ऋतूंची नावे तुम्हांला पाठ असतीलच. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने, तर माघ आणि फाल्गुन हे शिशिराचे. परंतु वसंतपंचमी येते ती माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन शिशिरात! मी तुमच्याएवढा असताना हे कोडे मला पडले होते. मी आजोबांना विचारले, “आबा, ऋतू शिशिर, आणि सण मात्र वसंताचा! हे कसे?” आजोबा ओट्यावर बसून दोर वळीत होते. हातातले काम न थांबविता ते म्हणाले, “अरे, पाहुणा येण्याआधी पाहुण्याचा निरोप येत असतो. पंचमी हा निरोप आहे. पाहुणा मागून येईल. तू दारात उभा राहा म्हणजे झाले.”

दारात उभे राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मला त्या वयात कळले नाही. ते कळायला फार वर्षे लागली. आणि कळले तेही एका विद्यार्थ्याकडून. त्याचीच हकीकत मी आज तुम्हांला सांगणार आहे.

मराठी विषय घेऊन मी एम.ए. झालो आणि आमच्याच भागातील एका शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. वर्ष १९८५ च्या आगेमागे असेल. मी तरुण होतो, भाषेवर माझे प्रेम होते आणि त्या प्रेमाचा मला थोडासा गर्वही होता. फाल्गुन महिन्यात मी सातवीच्या वर्गाला ‘वसंत ऋतू’ या विषयावर निबंध लिहायला सांगितले. मुलांना सोपे जावे म्हणून काही सुंदर वाक्ये मी आधीच फळ्यावर लिहून दिली होती. शीतल मंद वारा, वेलींवर डुलणारी फुले, हिरवी तृणांकुरे, झुळझुळ वाहणारे निर्झर, आम्रवनात गाणारी कोकिळा, असे सारे साहित्य त्यांत होते. मुलांनी ते इमानाने वहीत उतरविले. वह्या तपासताना माझ्या कपाळावरून घाम निथळत होता, खिडकीतून उष्ण झळा येत होत्या, आणि मी मात्र ‘शीतल मंद वारा’ या शब्दांखाली समाधानाने बरोबरची खूण करीत होतो! त्यातली विसंगती माझ्या ध्यानातही आली नाही.

एका मुलाची वही मात्र निराळी होती. हा मुलगा रानालगतच्या लहानशा वस्तीतून दररोज पायी शाळेत येत असे. त्याने फळ्यावरचे एकही वाक्य घेतले नव्हते. त्याने लिहिले होते, की आमच्याकडे वसंत आला म्हणजे विहिरीचे पाणी खाली जाते. बादलीचा दोर पुरत नाही, म्हणून त्याला दुसरा दोर बांधावा लागतो. नाल्यात पाणी राहत नाही. झाडांवर पाने राहत नाहीत. पण मोहाला फुले येतात. आई पहाटे उठून मोह वेचायला जाते. फुले पडतात तेव्हा पाऊस आल्यासारखा आवाज येतो. ती वाळवून विकली म्हणजे माझ्या वह्यांचे पैसे येतात. एवढाच त्याचा निबंध होता. मी तांबड्या शाईने खाली शेरा लिहिला, ‘विषय सोडून लिहिले आहे. वसंताचे वर्णन नाही,’ आणि दहापैकी तीन गुण दिले.

वह्या परत दिल्यावर तो मुलगा माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. तो रागावलेला नव्हता. त्याला खरोखरच काही जाणून घ्यायचे होते. तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही मोह पडताना पाह्यला का जी कधी?”

मी गप्प झालो. माझे सारे बालपण केळझरच्या टेकडीवर गेले होते. मोहाची झाडे मी शेकडो वेळा पाहिली होती. पण मोह पडतो तो रात्रीच्या अखेरीस आणि पहाटे, जेव्हा मी अंथरुणात असे. मी मान हलवून ‘नाही’ म्हटले. तेव्हा तो म्हणाला, “मग येजा जी गुरुजी एक दिवस. आई काही म्हणणार नाही.”

पुढच्याच रविवारी पहाटे चार वाजता मी सायकल घेऊन त्याच्या वस्तीवर पोहोचलो. अंधार दाट होता आणि हवेत अजून गारवा होता. त्याची आई कंदील घेऊन पुढे चालली होती. तिच्या काखेत टोपली होती. आम्ही एका जुन्या, विस्तीर्ण मोहाखाली थांबलो. झाडाखालची जमीन अंगणासारखी स्वच्छ होती. “आदल्या दिवशीच खराट्यानं झाडून ठेवतो,” ती माउली म्हणाली. “काही लोक पाला पेटवून देतात. सोपं पडते, पण एखाद्या वेळी आग रानात जाते. मग सारंच जळते. त्यापरीस खराटा बरा.”

आम्ही न बोलता बसून राहिलो. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला. टप्. मग पुन्हा, टप्, टप्. पाहता पाहता चोहोकडून तो आवाज येऊ लागला. वाराही नव्हता आणि ढगही नव्हता. तरी त्या कोरड्या रानात पाऊस पडत असल्याचा भास होत होता. मुलाने एक फूल उचलून माझ्या तळहातावर ठेवले. फिकट पिवळसर, द्राक्षासारखे गोल आणि मांसल असे ते फूल होते. बोटांनी दाबताच त्यातून गोड रस निघाला. सभोवार गोडसर, उग्र गंध पसरला होता. “लवकर वेचा जी,” मुलगा हसत म्हणाला, “उजेड पडला म्हणजे हरणं येतात. कधी कधी तर अस्वलाचाही नंबर आपल्या पहिले लागून जाते.”

उजाडल्यावर मी वर पाहिले. झाडावर पान असे नव्हतेच. फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस लोंबत होते आणि त्यांच्यामध्ये तांबूस पालवीचे कोंब नुकते डोकावत होते. खाली माती भेगाळलेली होती. नाला कोरडा पडला होता. तेव्हा त्या मुलाने मला दुसरा प्रश्न विचारला, “गुरुजी, विहिरीत पाणी नाही, नाल्यात पाणी नाही, मग हे फूल पाण्यानं इतकं भरलेलं काहून जी?”

या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या एम.ए.ला देता आले नाही. मी त्याला प्रामाणिकपणे सांगितले, “मला ठाऊक नाही. विचारून सांगतो.” दुसऱ्या दिवशी मी विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्याजवळ बसलो. पुढेही अनेक वर्षे मिळेल ते पुस्तक वाचीत राहिलो. जे समजले, ते असे.

आपल्या भागात बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने झाडांना साठवणीवर काढावे लागतात. पानांना असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. म्हणून थंडी सरताना साग, मोह, पळस यांसारखी झाडे पाने टाकतात. पान टाकणे म्हणजे हार खाणे नव्हे. ती काटकसर आहे. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील उपयुक्त द्रव्यांपैकी पुष्कळशी परत काढून घेते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तेथे पान अलगद सुटते आणि त्याची जखम बुजते. पान पडल्यावर पाण्याचा खर्च थांबतो. खोडात आणि खोल मुळांच्या आधाराने जे पाणी शिल्लक राहते, त्याच्या बळावर झाड फुलते आणि नवी पालवी फोडते.

यापुढचा भाग मला सर्वांत नवलाचा वाटला. पालवी फुटते ती पावसानंतर नव्हे, पावसाच्या आधी! मार्चच्या एकविसाव्या तारखेच्या सुमारास दिवस आणि रात्र समान होतात आणि नंतर दिवस मोठा होत जातो. वाढत्या दिवसाची ही खूण कित्येक झाडांना कळते आणि ती पावसाची वाट न पाहता पाने काढू लागतात. त्या वेळी पाऊस दोन-तीन महिने दूर असतो. ऊन रोज वाढत असते. मे महिन्यात तर विदर्भातील पारा अनेकदा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. अशा काळात झाड आपली शिल्लक खर्चून नवी पाने उभारते. पहिली सर कोसळते तेव्हा पाने तयार असतात आणि पावसाळ्याचा एकही दिवस वाया जात नाही.

हे समजल्यावर आमच्या गावच्या वसंताकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली. तो हिमाच्छादित देशांतील वसंत नव्हे. तेथे बर्फ वितळते, पाणी खळाळू लागते आणि मग फुले येतात. आमच्याकडे पाणी आटते आणि मग फुले येतात! तेथील वसंत हे सुबत्तेचे गाणे असेल; आमचा वसंत हे धीराचे गाणे आहे. महाकवी कालिदासाने ‘ऋतुसंहार’ या काव्यात सहा ऋतूंचे वर्णन ग्रीष्मापासून आरंभून वसंताशी संपविले आहे. तो क्रम मला आता फार अर्थपूर्ण वाटतो. श्रावणाने दिलेले पाणी, शरदाने दिलेले ऊन आणि शिशिराने शिकविलेली काटकसर या साऱ्यांची बेरीज म्हणजे आमचा वसंत.

हा वसंत पाहायचा असेल, तर फाल्गुनात आमच्या टेकडीवरून सभोवार दृष्टी टाकावी. रान राखी रंगाचे, शुष्क दिसते. त्यात पळस मात्र केशरी ज्वाळांसारखा पेटलेला असतो. त्याच्या प्रत्येक फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असते. म्हणून संस्कृतात पळसाला ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ असे गमतीचे नाव पडले. झाडावर पाने नसल्यामुळे फुले दुरूनच पाखरांच्या नजरेस पडतात. साळुंक्या, बुलबुल आणि इवलेसे शिंजीर मध पिण्यासाठी येतात आणि जाताना अंगाला लागलेले पराग दुसऱ्या फुलांकडे पोचवितात. आमच्या लहानपणी होळीच्या आदल्या दिवशी आम्ही ही फुले वेचून पाण्यात उकळीत असू. त्यापासून होणारा पिवळा-केशरी रंग डोळ्यांत गेला तरी आम्ही खेळ थांबवीत नसू. पळसाजवळच एखादी काटेसावर लाल फुलांनी बहरलेली असते. थोड्याच दिवसांत पिंपळाला तांबूस, चकाकणारी पाने फुटतात. मग कडुलिंब मोहरतो आणि पाडव्याच्या दिवशी त्याचा कोवळा पाला गुळाबरोबर आपल्या तोंडात येतो. आमराईतून कुहूकुहू ऐकू येते. फळ्यावर मी ‘कोकिळा गाते’ असे लिहून दिले होते, तेही चूकच होते. ते गाणे कोकिळेचे नव्हे, काळ्या कोकीळ नराचे असते. ठिपकेदार मादी केवळ ‘किक्‌-किक्‌’ असा आवाज करते आणि आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते.

आता त्या निबंधाविषयी सांगतो. मोहाखालून परतल्यावर, सोमवारी, मी त्या मुलाची वही पुन्हा मागून घेतली आणि त्याचा निबंध साऱ्या वर्गाला वाचून दाखविला. मग मी मुलांना म्हणालो, “या निबंधाला मी तीन गुण दिले होते. चूक त्याची नव्हती, माझी होती. तुम्ही सर्वांनी माझा फळा पाहून लिहिले; याने वसंत पाहून लिहिले.” मी तिनाचा आकडा खोडून नऊ लिहिला. वर्गात क्षणभर शांतता पसरली. गुरुजींची चूक गुरुजींनीच सांगावी, हे मुलांना नवीन होते. आणि खरे सांगायचे तर मलाही ते सोपे गेले नव्हते. रात्रभर मी स्वतःशी वाद घातला होता. तो मुलगा संकोचाने खाली पाहत होता. मग हळूच म्हणाला, “गुरुजी, पुढच्या वर्षी पावसाचा निबंध देजा जी.” सारा वर्ग हसला आणि त्या हसण्यात मीही मोकळा झालो.

मी त्याला शब्द दिला. पण तो पाळण्याची संधी मला मिळाली नाही. सातवीनंतर त्याचे कुटुंब कामाच्या शोधात दुसरीकडे गेले. पुन्हा आमची गाठ पडली नाही. त्याच्या फुलातल्या पाण्याचे पुरते उत्तर मला सापडले, तेव्हा ते ऐकायला तो माझ्यासमोर नव्हता. ही रुखरुख आजही माझ्या मनात आहे. म्हणून ते उत्तर मी दरवर्षी नव्या मुलांना सांगत आलो, आणि आज तुम्हांलाही सांगितले.

त्याच वर्षी मी एक वही घातली. तिच्यात पहिली नोंद त्या मोहाची आहे. त्यानंतर पहिला पळस कोणत्या तारखेला दिसला, कोकीळ कधी बोलला, पिंपळाला पालवी कधी फुटली, हे मी लिहीत आलो. ऋतू दरवर्षी एकाच तारखेला येत नाहीत, हे त्या वहीने मला शिकविले. अशा नोंदींचे मोल मोठे असते. जपानमधील क्योतो नगरात चेरीची झाडे कधी फुलली, याच्या नोंदी इसवी सन ८१२ पासूनच्या सापडतात. कुणा दरबाऱ्याने, कुणा भिक्षूने आपल्या रोजनिशीत सहज लिहून ठेवलेल्या त्या ओळी होत. परंतु २०२१ साली तेथील चेरी २६ मार्चलाच पूर्ण बहरली, तेव्हा बाराशे वर्षांत ती इतक्या लवकर कधीच बहरली नव्हती, हे जगाला त्या ओळींमुळेच कळले. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ही गोष्ट शास्त्रज्ञ यंत्रांनी मोजतात. झाडे ती आपल्या फुलांनी सांगतात. मात्र ते ऐकायला कोणीतरी दारात उभे असावे लागते.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या वाटेवरही एखादे झाड असेलच. ते पळसाचे असेल, कडुलिंबाचे असेल किंवा रस्त्याच्या कडेची साधी बाभूळ असेल. त्याला आपले म्हणा. त्याचे शेवटचे पान कधी गळले, पहिला कोंब कधी दिसला, त्यावर कोणते पाखरू येऊन बसले, हे एका वहीत लिहा. लिहिताना सुंदर शब्दांची चिंता करू नका. जे दिसेल तेच लिहा. पुढे कधी वसंतावर निबंध लिहिण्याची वेळ आली, तर फळ्याकडे पाहण्याआधी ती वही उघडा.

उद्या पहाटे मी पुन्हा टेकडीवर जाणार आहे. पश्चिमेच्या उतारावरचा पळस काल काळ्या मखमली कळ्यांनी भरलेला होता. कदाचित उद्या त्यातली एखादी उमललेली असेल. आजोबांचा पाहुणा यायची वेळ झाली आहे.